दहापैकी नऊ

ही वही मला मार्लूसबाईंनी दिली. डाव्या हाताला वळण लागावं म्हणून रोज थोडं लिहायचं, काहीही लिहिलं तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. आधी नुसतं अ आ इ गिरवलं. मग घरातल्या माणसांची नावं लिहिली, मग भाज्यांची, मग ती पण संपली. आता हे लिहायला घेतलंय. वही सरकू नये म्हणून खाली रबराचा तुकडा ठेवते. एका पानाला अख्खी दुपार जाते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कुणाला दाखवायचं म्हणून मी लिहीत नाही, तेवढा धीर माझ्यात नाही. पण कधी कुणा बाईवर अशी वेळ आली आणि हे तिच्या हातात पडलं, तर तिने एक करावं. किती जमतं असं कुणी विचारलं, तर जेवढं जमतं तेवढंच सांगावं. मी तसं केलं नाही.

कणीक

आम्ही झूटरमेरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. हे हेगमधल्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत. वीस वर्षांपूर्वी एका वकिलातीतल्या साहेबांच्या घरी स्वयंपाकाला म्हणून आले आणि इथेच राहिले. मी नंतर आले. प्रणाली इथलीच. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डच नाहीतर इंग्रजीत देते. फार चिडली तर मराठीत बोलते.

मी डबे द्यायचे. आपल्याकडची शिकायला आलेली मुलं, कंपनीत काम करणारी जोडपी, असे लोक घ्यायचे. भाजी कधी हे करायचे, पण पोळ्या माझ्याच. मला माणसांशी बोलायचा संकोच वाटतो, लहानपणापासूनच. त्यामुळे कोरोना आला आणि डब्याची पिशवी दाराच्या कडीला अडकवून, बेल वाजवून आत यायचं असं ठरलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कितीतरी लोकांनी माझं तोंडही पाहिलं नव्हतं, पण माझी पोळी त्यांना ओळखू यायची. आज पोळ्या दुसऱ्या कुणी केल्या का, असं एका मुलाने मला ताप होता त्या दिवशी विचारलं होतं. ते मी खूप दिवस मनात ठेवलं.

दुसरा हिवाळा होता. सकाळी कणीक मळत होते. मळता मळता उजवा हात थांबला. मी थांबवला नव्हता. तो कणकेत तसाच पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मुंग्या आल्या असतील म्हणून डाव्या हाताने तो बाहेर ओढायला गेले तर पायही गेला. ओट्याला धरून खाली बसले. हॉटेलं बंद असल्यामुळे हे घरात होते. चहाचा कप ठेवायला आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तोंड असं काय करतेस?"

प्रणालीने फोन केला. दोघं जण आले, नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, त्यांचे डोळेसुद्धा नीट दिसत नव्हते. गाडीत बरोबर कुणालाच येऊ दिलं नाही. ह्यांना कपही खाली ठेवायचं सुचलं नव्हतं. मला नेताना ते दारात तो कप हातात घेऊन उभे होते.

हॉस्पिटलात एका नर्सने ओल्या फडक्याने हाताची वाळलेली कणीक काढली. तिला ते काय आहे कळत नव्हतं. खरवडून काढताना मला काही कळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नखांत ती पुढे दोन दिवस होती.

डॉक्टर बोलले तो दिवस

डॉक्टरांनी प्रणालीला फोन लावून तो उशीवर ठेवला. ते खूप वेळ बोलले. मध्ये मध्ये माझ्या हाताकडे बोट दाखवत होते. मग त्यांनी मला खूण केली की आता मुलगी सांगेल.

प्रणाली म्हणाली, "आई, डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. औषध दिलंय. हात हळूहळू येईल."

एवढंच. डॉक्टर इतका वेळ बोलले आणि हिने तीन वाक्यांत संपवलं, याचं मला तेव्हा नवल वाटलं. पण डच भाषा लांबलचकच असते, असं मी मनाशी म्हटलं.

खोली

तिथून मला रिव्हालिडातीत नेलं. म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा उभं करतात ते ठिकाण. आमच्या घरापासून सायकलने अर्ध्या तासावर. भेटायला एकाच माणसाने यायचं, तेही रोज तेच माणूस, तासभर. नाव आधी लिहून द्यायचं होतं. भाषा येते म्हणून प्रणालीचं नाव दिलं. हे खाली, गाड्या लावायच्या जागेत, सायकल घेऊन उभे राहायचे. मी खिडकीत. ते डबा वर करून दाखवायचे, मग तो दरवाजापाशी देऊन जायचे. कधी कधी पाऊस असला तरी उभे असायचे. मी हात केला की तेही हात करायचे. मी डावा, ते उजवा.

सकाळी सात वाजता अंघोळ. दुसऱ्या बाईने अंघोळ घालायची, मी डोळे मिटून घ्यायचे. मग पायाचे व्यायाम, मग जेवण म्हणजे पाव आणि चीज, मग हाताचे व्यायाम. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. माझं डच आधीच तोडकं. बोलणाऱ्याचे ओठ दिसले की मला अर्धं कळायचं. आता तेही गेलं. मी सगळ्याला "या, या" म्हणायचे आणि मान हलवायचे. 'या' म्हणजे हो. समोरचा माणूस दमू नये, त्याला दुसऱ्यांदा सांगायला लागू नये, एवढंच माझ्या मनात असायचं.

संडासाचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते. तिथे नुसता कागद. पाणी नाही. मी चार दिवस कमी जेवले, म्हणजे जायला कमी लागेल. सफाईला येणाऱ्या इंद्राताई सुरिनामच्या. त्यांचे पणजोबा बिहारकडून गेलेले. त्यांची भाषा हिंदीसारखी, मला निम्मी कळायची. त्यांनी माझं ताट बघितलं, मला बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालायची लहान हिरवी झारी आणून संडासात ठेवली. म्हणाल्या, "हम लोग के घर में भी रहे है." त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पण त्यातूनही एक झालंच. उजवा हात गेलेला. जेवायचा हात आणि धुवायचा हात एकच झाला. चमचा दिलेला असायचा, पण तो हातात धरला की घशाखाली घास उतरायचा नाही. लोकांसमोर तर नाहीच. म्हणून मी जेवणाच्या मोठ्या खोलीत नुसती बसून यायचे आणि ह्यांनी आणलेला डबा खोलीत भिंतीकडे तोंड करून खायचे. मार्लूसबाईंनी लिहिलं की मला भूक लागत नाही, मन लागत नाही. प्रणालीने ते मला हसत सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. घरात आम्ही कधी बोललोच नव्हतो त्यावर.

मार्क

मार्लूसबाई एर्गोथेरपीच्या. रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या: बटण लावणं, केस विंचरणं, भाजी चिरणं. पंचविशीतल्या असतील, उंच, पायात मुलांसारखे बूट. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. माझ्याच्याने होईना. शिकवणारी म्हणजे बाई, म्हणून मी त्यांना बाई म्हणायचे. त्यांना वाटायचं ते त्यांच्या नावाचंच मराठी आहे.

पहिल्या आठवड्यात त्या एक कागद घेऊन बसल्या. प्रणाली शेजारी होती. मला कोणकोणती कामं परत करता यायला हवीत, ते त्या विचारत होत्या. प्रणालीच सांगत गेली. तिने जेवण सांगितलं, संडास सांगितलं, कपडे सांगितले, स्वयंपाक सांगितला. मला म्हणाली, "आई, मी सगळं लिहिलंय." पोळ्या, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "स्वयंपाक म्हटलं ना, त्यात येतं."

त्यानंतर दर आठवड्याला तो कागद निघायचा आणि मार्लूसबाई काहीतरी विचारायच्या. प्रणालीला कॉलेजचं ऑनलाइन असायचं, तासाभरात पळायचं असायचं. ती म्हणायची, "आई, दहापैकी किती?"

मी म्हणायचे नऊ.

बाई मार्क मागतायत असं मला वाटलं. त्यांनी या आठवड्यात किती चांगलं शिकवलं, ते विचारतायत. इथे दुकानातसुद्धा फोनवर मार्क मागतात, तसंच. त्या पोरीने माझ्या लुळ्या हाताला मांडीवर घेऊन रोज चोळलं होतं, तिला नऊच्या खाली कसं सांगायचं? पहिल्या वेळी तर मी दहा म्हणणार होते, पण फार लाळघोटेपणा दिसेल म्हणून एक कापला.

प्रणाली पुढे विचारायची, आणि ह्याला किती? मी म्हणायचे, त्यालाही नऊ.

मार्लूसबाई दर वेळी भुवया उंचावायच्या आणि कागदावर लिहायच्या. मला वाटायचं, त्या खूश झाल्या.

पुढे माझ्या दिवसातला स्वयंपाकघराचा तास गेला. त्याऐवजी जिन्याचा आणि चालायचा तास वाढला. मी विचारलं नाही. बाईंना जास्त कळतं, असं धरून चालले. हात टेबलावर पडलेला असायचा. रोज सकाळी उठल्यावर आधी मी त्याला बोट हलव म्हणायचे. मनातल्या मनात, शेजारच्या पलंगावरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. हळूहळू येईल असं प्रणालीने सांगितलं होतं. म्हणून मी वाट बघत होते. डब्याच्या ग्रुपवर हे लोकांना लिहायचे की ताई थोड्या दिवसांत परत सुरू करतील.

फोनवरच्या बाई

घरी सोडायचं ठरत होतं, त्या आठवड्यात प्रणालीला परीक्षा होती. म्हणून मार्लूसबाईंनी फोनवर दुभाषी लावला. मराठीचं कुणी मिळालं नाही, हिंदीच्या एक बाई मिळाल्या. त्यांचं हिंदी फार शुद्ध होतं, बातम्यांसारखं. पण त्या एकही शब्द गाळत नव्हत्या. मार्लूसबाई लांब बोलल्या तर त्याही लांब बोलायच्या.

त्या म्हणाल्या की मार्लूस विचारते आहे, तुम्ही घरी दिवसभर एकट्या असाल, चूल आणि सुरी वापराल, तर तुम्हाला भीती वाटत नाही का? कारण स्वयंपाक एकटीने किती जमतो याला तुम्ही पहिल्या आठवड्यापासून नऊ दिलेत. इतके इथे कुणी देत नाही. म्हणून त्यांनी तो विषय मागे ठेवला आणि चालण्यात, जिन्यात कमी दिसत होतं, त्याला वेळ दिला.

 मी म्हटलं, नऊ तर मी बाईंना दिले होते.

फोनवरच्या बाईंनी ते डचमध्ये सांगितलं. मार्लूसबाईंनी पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. मास्कच्या वर त्यांचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला होता. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुमच्या मुलीला विचारत राहिले. तुम्हाला विचारलंच नाही."

मला वाटलं, आता एवढं निघालंच आहे तर विचारून घ्यावं. मी विचारलं, हे आठवडे हातावर दिले असते तर हात परत आला असता का? आता दिले तर किती दिवसांत येईल?

 मार्लूसबाई हळू बोलल्या, आणि फोनवरच्या बाईंनी त्याच हळू आवाजात सांगितलं. हात बहुतेक परत येणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलात सांगितलं होतं. तेव्हा काही केलं असतं तर तो थोडाफार हलला असता की नाही, हे कुणी खात्रीने सांगू शकणार नाही. मार्लूस म्हणते आहे, मी नाही म्हणाले तर तुम्हाला बरं वाटेल, पण मला ते माहीत नाही. तुमच्या मुलीला मी विचारलं होतं, आईला सगळं सांगितलंय ना? ती हो म्हणाली होती.

फोनवरच्या बाईंनी स्वतःहून विचारलं, "आप ठीक हैं?" मी "या" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्रणाली आली. मी तिला काहीच बोलणार नव्हते, पण तिनेच बघून ओळखलं. जाकीट न काढता पलंगाच्या कडेला बसली आणि मराठीत बोलायला लागली. इतकं मराठी ती आयुष्यात बोलली नसेल. म्हणाली, "मी कसं सांगणार होते? फोनवर? डॉक्टर म्हणाले प्रॉबेब्ली नेव्हर, आणि मला नेव्हरचं मराठी येत होतं, पण तोंडातून येईना. मग दुसऱ्या दिवशी वाटलं उद्या सांगू. आणि ते संडासाचं, कपड्यांचं, सगळं मला विचारायचे, तुझ्यासमोर. मला लवकर संपवायचं असायचं."

अठरा वर्षांची पोर. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण माझ्या डाव्या बाजूला भिंत होती आणि ती उजवीकडे बसली होती. मी म्हटलं, जाकीट काढ, गरम होईल.

पोळपाट

मार्लूसबाईंनी पंधरा दिवस वाढवून घेतले. कुणाशी भांडून, ते मला माहीत नाही. आणि सांगितलं, तुमच्या पद्धतीने तुमचंच काम करून बघू. बाकीच्यांसारखी कॉफीच्या यंत्रावर मी तुमची परीक्षा घेणार नाही. घरून सामान मागवा.

ह्यांनी पोळपाट, लाटणं, तवा, उलथनं, कणकेचा डबा, सगळं सायकलला बांधून आणलं. कणीक मळूनच पाठवली होती, ओल्या फडक्यात. ह्यांच्या हातची कणीक जरा घट्ट असते. फडक्याच्या वरून बोटाने दाबली आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी भूक लागली.

आतापर्यंत माझ्याकडे एक गोष्ट होती. मार्क चुकीचे होते, मुलीने नीट सांगितलं नव्हतं, बाईंनी नको ते शिकवलं होतं. म्हणजे सगळं नीट झालं तर मला जमेल. डॉक्टर बहुतेक म्हणाले होते, आणि बहुतेकमध्ये मी जागा धरून बसले होते.

मार्लूसबाईंनी पोळपाटाखाली रबर घातलं, तो हलेना. लाटण्याच्या मधोमध डावा हात ठेवून दाबायला शिकवलं. पहिली लाटी निसटली. दुसरी एका बाजूला जाड राहिली आणि दुसरीकडे फाटली. तिसरी बरी आली, तळहाताएवढी. मार्लूसबाई माझ्या मागे उभ्या होत्या. मदत करायला त्यांचे हात पुढे येत होते आणि त्याच ते मागे घेत होत्या. मी ती पोळी तव्यावर टाकली. वास आला. आमच्या घरात रोज सकाळी यायचा तोच. मी उलटायला वाकले.

मग दुसरा वास आला. मला वाटलं, पीठ जळलं. तेवढ्यात मार्लूसबाईंनी ओरडून माझा उजवा हात तव्यावरून ओढला. तोल सांभाळताना तो तव्याच्या कडेवर जाऊन पडला होता. करंगळीपासून मनगटापर्यंत. मला काही कळलं नव्हतं. मी पोळीकडे बघत होते.

त्यांनी माझा हात नळाखाली धरला. बराच वेळ. पाणी थंड होतं म्हणे. शेगडी बंद करायला कुणालाच सुचलं नाही, पोळी पार काळी झाली.

फोन लावलेला नव्हता. माझ्याकडे होतं तेवढं डच मी गोळा केलं. "नीत स्ख्रायवन," मी म्हटलं. लिहू नका. मग मराठीत म्हटलं, "बाई, हे लिहू नका." त्यांनी लिहिलं तर मला कुणी कधी शेगडीजवळ उभं राहू देणार नाही, एवढं मला कळत होतं. इथे लिहिलेलं पुसत नाहीत.

  त्यांनी हात पुसून मलम लावलं, आणि तव्यावरची पोळी उचलून, कचऱ्यात न टाकता, एका बशीत झाकून ठेवली.

लिहिलं

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवरच्या त्याच बाईंना बोलावलं होतं. त्यांनाच मुद्दाम मागून घेतलं असावं.

मार्लूसबाई म्हणाल्या, "काल मी लिहिलं नाही. घरी गेले, झोप लागली नाही. आज लिहिणार आहे. पण तुम्हाला न सांगता लिहायचं नव्हतं."

मी म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात की ही परीक्षा माझ्या पद्धतीची.

त्या म्हणाल्या, "हो. म्हणूनच ती खरी आहे."

मी म्हटलं, मग मला आधीचीच बरी होती.

फोनवरच्या बाईंनी ते वाक्य डचमध्ये सांगितलं. मार्लूसबाईंचे डोळे भरले, पण त्यांनी पेन काढलं. प्रत्येक ओळ लिहून त्या वाचून दाखवत होत्या आणि फोनवरच्या बाई हिंदीत सांगत होत्या. हाताला ऊन-थंड कळत नाही. शेगडीजवळ एकटीने उभं राहू नये. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्या बाजूने काही लिहायचं आहे का? तेही इथेच लिहिते.

मला खूप काही लिहायचं होतं. मी म्हटलं, लिहा की ही वीस वर्षं पोळ्या करत होती.

त्यांनी ते लिहिलं.

घर

घरी आले तेव्हा ह्यांनी शेगडीची बटणं काढून ठेवली होती. कुठे, ते मला सांगत नाहीत. चहा हवा असला तर थर्मासमध्ये असतो. हे सकाळी पोळ्या करतात. कणीक घट्टच असते. मी काही बोलत नाही. प्रणाली शिकायला बघते. एकदा मी तिला नुसतं बघून सांगत होते, पातळ कर, कडेने लाट, आणि ती लाटणं ठेवून म्हणाली, "आई, तू माझ्या हाताकडे असं नको ना बघूस."

डब्याच्या ग्रुपवर ह्यांनी लिहिलं की ताई आता करणार नाहीत. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. त्या आठवड्यात ग्रुपवर दुसऱ्या कुणाच्या तरी डब्याचा नंबर आला. पोळ्या विचारणारा तो मुलगा बाकीच्यांबरोबर ग्रुपमधून निघून गेला. जायलाच हवं होतं, त्यालाही जेवायचं असतंच की.

लोकांसमोर चमच्याने जेवते आता. सवय झाली म्हणतात ती ही. सकाळी उठल्यावर उजव्या हाताला बोट हलव म्हणायचे, ते मात्र बंद केलं. एके दिवशी विसरले आणि मग परत सुरू केलं नाही.

हिरवी झारी इंद्राताईंनी निघताना पिशवीत घातली होती. ती संडासात आहे.

तीन महिन्यांनी मार्लूसबाई घरी आल्या. दाराबाहेरच बूट काढले, कुणी न सांगता. ह्यांनी चहा दिला आणि लांब खुर्चीवर बसले. प्रणाली माझ्या डावीकडे बसली. तोच कागद निघाला. मार्लूसबाई एक वाक्य बोलायच्या, प्रणाली एक वाक्य सांगायची. आता ती काही गाळत नाही. मध्ये अडली तर फोनमध्ये शब्द शोधते.

जेवण, स्वतः किती जमतं? मी म्हटलं पाच. संडास, सहा. कपडे, चार.

मग कागदावर एक नवी ओळ होती. पोळी, असं त्यांनी त्यांच्या अक्षरांत लिहिलं होतं.

मी म्हटलं, एक.

प्रणाली म्हणाली, "आई, दोन सांगू? तेव्हा एक भाजली होतीस ना."

"एकच सांग."

आणि जेवढं जमतं त्यावर तुम्ही किती समाधानी आहात? त्यालाही मी एकच म्हटलं. शून्य आहे का, असं विचारणार होते, पण ते एकापासूनच सुरू होतं.

मार्लूसबाईंनी एक लिहिला, खाली अजून एक लिहिला. पुढे बरं होईल, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. चहा संपवला. दारात बूट घालताना त्या वर बघून हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता, पहिल्यांदाच मी त्यांचं हसू पाहिलं. पुढचे दात जरा पुढे आहेत.

प्रणालीने सांगितलं, "त्या विचारतायत, आणि आता मला किती?"

मी दाराला धरून उभी राहिले. त्यांनी हात चोळला होता, पंधरा दिवस मिळवून दिले होते, पोळी कचऱ्यात टाकली नव्हती. आणि लिहिलं होतं. मी मनात आकडे लावून बघत होते. नऊ आला नाही. एकही आला नाही. त्या थोडा वेळ थांबल्या, मग मान हलवून खाली गेल्या. जिन्यात त्यांची पावलं ऐकू येत होती, मग सायकलचं कुलूप.

प्रणाली म्हणाली, "आई, बिचाऱ्या वाट बघत होत्या. काहीतरी सांगायचंस ना."

मी म्हटलं, काहीतरी सांगूनच तर हे झालं.